आधी सासूचा दात

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. सकाळची वेळ, तोंडात फेस, आणि फोनवर तिची मुलगी नंदिनी. “लीलामावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच.” मला धड ‘अगं’सुद्धा म्हणता येईना. फोन ठेवला आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बेसिनशी गेले आणि राहिलेले दात घासून पूर्ण केले. आतल्या बाजूनेसुद्धा, तिने शिकवले होते तसे. हे वाचून कुणाला चमत्कारिक वाटेल. शरयूला वाटलं नसतं. अर्धवट दात घासून मी तिच्यासाठी रडत बसले असते, तर ती जिथे असेल तिथून तिने मला ओरडून बेसिनशी परत पाठवलं असतं.

त्याला आता काही आठवडे झाले. तिची ओळख करून द्यायची तर डॉक्टर शरयू अमुक अमुक असं लिहायला हवं. पण आडनाव लिहून उपयोग नाही, कारण मावळात त्या नावाने तिला कुणी ओळखत नव्हतं. खंडाळ्यापासून वडगावपर्यंत ती ‘दातवाली बाई’ होती. गरोदर बायका आणि पाळण्यातून नुकतीच उतरलेली पोरं, एवढ्यांच्याच दातांसाठी नेमलेली सरकारी डॉक्टर. एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. लोणावळ्याच्या माता-बालक केंद्रात मी नर्स होते. आमच्याकडे बायका वजनाला यायच्या, लोहाच्या गोळ्या आणि दुधाची पावडर न्यायच्या, पोरांना टोचून घ्यायच्या. तिथे एक दिवस कुठल्याशा लष्करी दवाखान्यातून मोडीत निघालेली एक लोखंडी खुर्ची येऊन पडली, आणि तिच्यामागोमाग आठवड्याभराने शरयू आली. उंच, सावळी, चालताना पुढे झुकणारी. नवरा रेल्वेत, लोणावळ्यालाच बदली झालेला, म्हणून तिने ही जागा मागून घेतली होती. मुंबईत शिकलेली बाई. आम्हाला वाटलं, चार महिन्यांत कंटाळेल.

कंटाळण्यासारखंच होतं खरं. खुर्ची झाडूनपुसून तयार, पांढरा कोट इस्त्री केलेला, आणि खुर्चीत बसायला कुणी नाही. गरोदरपणात दात दुखणारच, बाळंतपणागणिक एखादा पडणारच, त्यात डॉक्टरला काय दाखवायचं, अशी सगळ्यांची समजूत. शिवाय मिश्री. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून काळे झालेले दात परक्या बाईला दाखवायची लाज. शरयू म्हणायची, “हसा बघू जरा,” की पदर तोंडावर. मग तिने कोट काढून खुंटीला अडकवला आणि वजनाच्या रांगेत बायकांमध्ये जाऊन बसली. कुणाचं माहेर कुठलं, सासू कशी आहे, भात किती झालं, असल्या गप्पा. बोलताना तोंड उघडतंच. तेवढ्यात हिने पाहून घेतलेलं असायचं. रांग संपली की आत येऊन मला सांगायची, “ती हिरव्या लुगड्यातली, डावीकडची खालची दाढ. दुखत असणार. एका बाजूने बोलते ती.” आणि पुढच्या वेळी त्या बाईला सहज विचारायची, “डाव्या अंगानं जेवत नाही ना तुम्ही?” बाई चकित. तिला वाटायचं, हिला काही तरी दिसतं!

मग आम्ही गावोगाव जायला लागलो. रेल्वेने जाऊन मळवलीला उतरायचं आणि पुढे बैलगाडी. गाडीत औषधांची पेटी, उकळायचं भांडं, स्टोव्ह, आणि दात कोरायचं यंत्र. हे यंत्र पायाने चालवायचं. खाली पायटा, वर चाक, चाकावरून दोरी, आणि दोरीच्या टोकाला हातात धरायची कोरणी. खेड्यांत वीज कुठली? पायटा मारला की कोरणी फिरणार. लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा हे यंत्र शाळेसमोर उतरवून मांडलं आणि पाण्याचं आधण ठेवेपर्यंत समोर ही बायकांची गर्दी! मी शरयूला कोपराने ढोसलं. इतक्या बायका कधीच आल्या नव्हत्या. पण प्रत्येकीच्या हातात काही तरी होतं... खण, चिटाचा तुकडा, कुणाचं झबल्याचं कापड. सगळ्यांत पुढची म्हातारी म्हणाली, “बाई, खण आणलाय. दोन चोळ्या व्हतील न्हवं?”

मला हसू आवरेना. शरयूने मात्र तो खण हातात घेतला, बोटांनी चाचपला, उन्हात धरून पाहिला. “कापड झकास आहे, मावशी. पण माझी सुई कापडावर नाही चालत.” मग तिने त्याच म्हातारीकडून एक सुपारी मागून घेतली, पायटा मारायला सुरुवात केली आणि कोरणीने सुपारीला आरपार भोक पाडून दाखवलं. पोरं ओरडायला लागली. एकेकाने खडा आण, बोर आण, नारळाची करवंटी आण... ती सगळ्याला भोकं पाडून देत होती. अर्धा दिवस त्यातच गेला. दात एकाही माणसाने दाखवला नाही. परतताना मी वैतागले होते, तर ही म्हणते, “अगं, यंत्राची भीती गेली. आता तोंडाची लाज राहिली. तेवढीच.”

तेवढीच म्हणाली खरी, पण ती जायला वर्ष गेलं. लहान पोरांचं तर वेगळंच होतं. लावणीच्या दिवसांत आया पहाटे खाचरात उतरायच्या आणि घरी ठेवलेल्या पोराच्या तोंडात फडक्यात बांधलेला गुळाचा खडा द्यायच्या. पोर चोखत पडून राहायचं. दोन वर्षांचं पोर हसलं की पुढचे दात काळे, निम्मे झिजलेले. एकदा शरयू एका आईवर चिडली. माझ्या आठवणीत ती पेशंटवर चिडलेली तेवढीच. ती बाई चिखलाच्या पायांनीच आली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग लावणीच्या वक्ताला पोर तुमी सांबाळता का, बाई?” त्यात उद्धटपणा नव्हता, खरंच विचारत होती. शरयूने पुढे आयांना गुळावरून बोलणं सोडलं आणि मोर्चा घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वळवला. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. गुळाच्या जागी भाकरीची कडक कडा द्या, दात येत असतील तर पोर ती आनंदाने चावतं. आणि खाऊन झालं की ओलं फडकं बोटाला गुंडाळून पोराचे दात पुसा. म्हाताऱ्यांना हे पटलं, कारण यात त्यांच्या हाताला काम होतं आणि सुनेला सांगायला एक नवी गोष्ट होती.

आता मी जे सांगणार आहे ते कापणीच्या सुमाराचं. त्याच लोहगडाखालच्या वाडीत. आम्ही शाळेत पेट्या मांडत होतो, तेवढ्यात एक तरणा शेतकरी बायकोला धरून घेऊन आला. हिरा तिचं नाव. सातवा महिना. डावा गाल इतका सुजलेला की डोळा अर्धा मिटलेला. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. चार-पाच दिवस पेजेवर होती. अंगात ताप. मागून तिची सासू बायजाबाई आली, आणि आली ती दाराच्या चौकटीला हात लावून आडवीच उभी राहिली. “सूज उतरायची गोळी द्या, बाई. दाताला हात लावायचा न्हाई.”

शरयूने हिराला बाकावर बसवलं, जबड्याखाली गळ्यापर्यंत हळूहळू चाचपून पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. सूज खाली सरकत होती. ती गळ्यात उतरली तर श्वास कोंडणार. शरयूने बायजाबाईला तसं सरळ सांगितलं, “आज दाढ काढून पू बाहेर काढला नाही, तर ही जगायची नाही, मावशी. ही नाही आणि पोटातलंही नाही.” बायजाबाई हलली नाही. तिचं म्हणणं, पोटुशीची दाढ काढली की पोराच्या नजरेवर येतं, पोर आंधळं निपजतं. आणि ते काही ऐकीव नव्हतं तिच्या लेखी. तिच्या धाकट्या बहिणीची दाढ गरोदरपणी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने पकडीने उपटली होती. पोर आंधळं झालं, आणि बहीणही त्या दाढेच्या दुखण्यातच गेली. “माज्या डोळ्यांदेखत गेली,” बायजाबाई म्हणाली. नवरा बिचारा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. हिराला बोलता येतच नव्हतं.

शरयूने वाद घातला नाही. ती बायजाबाईसमोर जमिनीवर बसली आणि बहिणीबद्दल विचारत राहिली. काय नाव होतं, पकड कशी होती, धुतली होती का, नंतर ताप आला होता का... बायजाबाई सांगत गेली. सांगता सांगता तिचा चौकटीवरचा हात खाली आला. मग ती हिराकडे बघून एकदम म्हणाली, “आदी माजा काडा.”

“काय?”

“माजा दात काडा आदी. त्याच सुईनं, त्याच पकडीनं. मला काय झालं न्हाई, माजी नजर गेली न्हाई, तर तिचा काडा.”

शरयू माझ्याकडे बघायला लागली, मी शरयूकडे. मग तिने बायजाबाईला खुर्चीत बसवलं. मास्तरांची खुर्ची होती ती, मी मागून डोकं धरलं. तोंडात दात थोडेच उरले होते, आणि समोरचा एक चांगलाच हलत होता. शरयू खूश झाली. “हा काढते, मावशी. हा आज-उद्या पडणारच आहे.” बायजाबाईने तिचा हात बाजूला केला. “हालता तर मी बी काडीन बोटानं. त्यात काय पारख? घट्ट काडा.”

“घट्ट आणि चांगला दात मी काढत नसते!” शरयू म्हणाली. झालं, दोघी हट्टाला पेटल्या. आणि त्या दाराबाहेर जमलेल्या वाडीसमोर शरयूने बायजाबाईच्या तोंडातला एकेक दात ठोकून बघायला सुरुवात केली. शेवटी ओरडलीच, “सापडला! मागची दाढ. आतून किडलीय आणि जागेवर पक्की आहे. चालेल?” बायजाबाईने जिभेने दाढ चाचपली. “चालंल.”

बधिर करायचं इंजेक्शन दिलं, थांबलो. दाढ भलतीच घट्ट निघाली. शरयूच्या कपाळावर घाम, मी डोकं धरून, आणि बायजाबाईच्या घशातून हूं की चूं नाही. दाढ एकदाची बाहेर आली, तेव्हा बाहेरच्या बायकांनीच सुस्कारा सोडला. बायजाबाईने गालाला हात लावला, पुन्हा लावला, आणि घाबरून म्हणाली, “बाई, माजं त्वांड कुटं गेलं?” सगळे हसले, हिराच्यासुद्धा सुजलेल्या गालावर काहीतरी हललं. बायजाबाई मात्र हसली नाही. ती उठून दाराशी गेली. नजर तपासायची होती ना! तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे शब्द बोबडे. “बुरूज दिसतुया,” ती गडाकडे बघून म्हणाली. “बांदावर शेळी हाय. पांडूची. कान कापल्याली.” कुणीतरी ओरडलं, शेळी खरंच पांडूची आहे. तेव्हा कुठे ती वळली. “हिरा, बस.”

सुई-पकड पुन्हा उकळून घेतली; हिराचं तोंड पकड जेमतेम शिरेल एवढंच उघडलं, पण दाढ मात्र क्षणात सुटली. पू इतका आला की मी दोन वाट्या बदलल्या. पेनिसिलिनचं इंजेक्शन मी दिलं. तासाभरात तिने तोंड उघडून चमचाभर कोमट दूध गिळलं आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सासूच्या तोंडात बोळा, सुनेच्या तोंडात बोळा. दोघींच्याही चेहऱ्याला एकाच बाजूने सूज. शरयू म्हणाली, “लीले, आता यांना मायलेकी म्हणून कुणीही ओळखेल.”

परतताना मळवली स्टेशनच्या बाकावर बसल्यावर मात्र ती म्हणाली, “दाढ सुटली गं. पण अजून दोन महिने आहेत. त्यात दुसऱ्या कशानेही काही झालं, तरी ते माझ्या पकडीनेच झालं असं म्हणतील. आणि मग या मावळात एक बाई माझ्यासमोर तोंड उघडणार नाही.” त्या बाकावरच तिने मला तिच्या आईचं सांगितलं. आम्हा भावंडांच्या वेळच्या बाळंतपणांत आईचे सगळे दात गेले, म्हणाली. पस्तिशीत बोळकं. “आई लहानपणी आम्हाला खूप हसवायची. स्वतः हसताना मात्र भिंतीकडे तोंड करायची. मला आईचं हसणं पाठीमागून माहीत आहे...” गाडी आली आणि आम्ही चढलो. पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही.

ते दोन महिने आमचे कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. त्या बाजूची सुईण केंद्रावर आली की शरयू तिला चहा पाजायची आणि इकडचं तिकडचं विचारत शेवटी हिरावर यायची. सुईणीलाही ते समजलं होतं. ती आधी चहा संपवायची. दिवस भरले, वर आठ दिवस गेले, आणि एका सकाळी केंद्राच्या फाटकातून बायजाबाई येताना दिसली. एकटीच. डोक्यावर गाठोडं. शरयूने हातातलं भांडं खाली ठेवलं. बायजाबाई जवळ आली, गाठोडं उतरवलं, घाम पुसला, पाणी मागितलं, पाणी प्याली. आम्ही उभ्याच.

“पोरगी झालीया,” ती म्हणाली.

“आणि?” शरयूने विचारलं.

“डोळं घारं हायती!” बायजाबाई एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की वजनाच्या रांगेतल्या सगळ्या वळल्या. “आमच्या घराण्यात कुनाचं न्हाईत. दिव्याकडं टकामका बगती. दाढ काडली म्हून उजाळलं बगा!” गाठोड्यात नव्या आंबेमोहराचे तांदूळ होते. शरयूने तांदूळ घेतले आणि तिथेच बायजाबाईला मिठी मारली. घाऱ्या डोळ्यांचा आणि दाढेचा काही संबंध नाही, हे तिने पुढे मला निदान दहा वेळा समजावलं. बायजाबाईला एकदाही नाही.

त्यानंतर काय झालं ते सांगितलं तर लोक मला खोटी म्हणतात. त्या सगळ्या पट्ट्यात रीतच पडून गेली... आधी सासूचा दात, मग सुनेचा. गरोदर सून यायची ती सासूला घेऊनच, आणि सासू पदर खोचून पहिल्यांदा खुर्चीत बसायची. कुणाचा दात काढण्याजोगा नसला तर शरयू नुसता आरसा फिरवून, एखादा साफ करून द्यायची. पण मान सासूचा. पुढच्या लावणीला आम्ही भाजे गावाच्या अंगाने जात होतो, तर खाचरातून गाणं ऐकू आलं. बायका वाकून रोप लावत होत्या आणि म्हणत होत्या :

दाताची डाक्टरीन बाई, पायानं यंतर हाकी
सासूची काडी दाढ, सुनंची दाढ राखी!

शरयू बैलगाडीतून उतरून बांधावर उभी राहिली. मला म्हणाली, “चुकीचं आहे गं. सुनेची पण काढली होती.” पण ऐकत मात्र राहिली शेवटपर्यंत.

अशी वर्षं गेली. तिच्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. ही दातांची डॉक्टर लोणावळ्यात राहायची आणि चिक्कीवर जीव टाकायची. शेंगदाण्याची नको, तिळाची. संध्याकाळी बाजारातून येताना पदराआड पुडी असायची आणि पेशंट भेटला की ती पुडी माझ्या हातात कोंबायची. “जेवणानंतर खायची, लगेच चूळ भरायची, काही होत नाही,” असं मला शास्त्र सांगायची आणि जेवणाच्या आधीच खायची. एकदा मिश्री सोडायला लावलेल्या एका बाईने तिला बाजारात चिक्की खाताना पकडलं. “बाई, मी सोडली ना? आता तुमी सोडा.” शरयूने महिनाभर खरंच सोडली. त्या महिन्यात तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

सत्तरच्या दशकात वीज आली, विजेवरचं यंत्र आलं, पायट्याचं यंत्र भंगारात गेलं. दुसरे तरुण डॉक्टर आले. मी पुण्याला मुलाकडे आले. ती लोणावळ्यातच राहिली. नवरा गेला, तब्येत खालावली, पण दात! शेवटपर्यंत दोन सोडून सगळे स्वतःचे, आणि त्याचा तोरा केवढा. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात काडीसारखे झालेले. मी जवळ बसले, तर बोलायच्या आधी तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. “आ कर.” मी आ केला. बराच वेळ बघून म्हणाली, “बरं ठेवलंयस. आता सांग, कशी आहेस?” ती आमची शेवटची भेट.

तेरावा झाल्यावर मी आणि नंदिनी केंद्राकडे चालत गेलो. इमारत नवी झालीय, रंग बदललाय, फाटकाच्या जागी लोखंडी गेट आलंय. मला कुणीच ओळखत नव्हतं. एक तरुण आरोग्यसेविका कागद घेऊन पळत चालली होती. इतक्या बायका पोरं घेऊन कुठे निघाल्यात, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “आज लसीकरण आहे, आजी. मागं, दाताच्या वसरीत.”

नंदिनीने माझा हात धरला. “दाताची वसरी? दाताचं काय आहे तिथे?” तिने त्या मुलीला विचारलं.

“काही नाही. दात बघणारं कोणी नाही इथं. सगळे म्हणतात तसं, पहिल्यापासून,” असं म्हणून ती पळालीसुद्धा.

केंद्राची आतली खोली तेव्हा अंधारी होती म्हणून शरयूने ती लोखंडी खुर्ची मागच्या वसरीत, म्हणजे ओसरीवर, आणली होती, उजेडात. मी आणि ती, दोघींनीच ढकलत आणली होती. आता तिथे फरशी आहे, वर पत्रा आहे, भिंतीला लसीकरणाची चित्रं लावलीत. बाकांवर आया बसल्या होत्या, मांडीवर पोरं, काही झोपलेली, काही रडायच्या बेतात. ऊन मात्र तसंच येतं, तिरपं. एका बाईने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, “बाळ कुटंय आजी तुमचं?”

“बाळ नाही गं,” मी म्हटलं. “मी नुसतीच बसायला आलेय.”